न्यू उत्तरेश्वर मंडपाच्या खुर्च्या

प्रत्येक यशस्वी उद्योजकाच्या पाठीमागे एक खडतर जीवनप्रवास उभा असतो, असा ठराव युसूफ वडगावच्या लघुउद्योजक गौरव समितीने एकमताने मंजूर केला. ठरावाची बातमी घेऊन समितीचे सचिव हरिओम सर आले, तेव्हा उत्तरेश्वरच्या पाठीमागे फक्त प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची थप्पी उभी होती, आणि तीही एका अंगाला कलली होती.

उत्तरेश्वर हा 'न्यू उत्तरेश्वर मंडप अँड साउंड'चा मालक. जुने उत्तरेश्वर मंडप कधीच नव्हते. पण 'न्यू'ला वेगळे पैसे लागत नाहीत असे पाटी रंगवणारा म्हणाला, म्हणून ते घालून घेतले. खुर्च्यांच्या पाठीवरही लाल ऑइलपेंटने हेच नाव लिहिलेले. कुणाची खुर्ची कुणाच्या ओसरीवर गेली ते लांबून वाचता यावे, इतके ठळक. तरी जायच्या त्या जातच. गावातल्या पुष्कळ सभ्य घरांत त्याची एखादी खुर्ची भिंतीला पाठ लावून सुखाने नांदत होती.

"तुमचा संघर्ष सांगा," सर म्हणाले.

"कशाचा?"

"धंद्याचा. सुरुवातीचा."

"वडलांचा मांडव व्हता. ते गेले, मी धरला."

"उपाशीपोटी झोपले असाल की कधी."

"मांडववाला उपाशी झोपत नसतोय, सर. लग्नात जेवण असतंय."

सरांनी खेदाने मान हलवली. संघर्षाशिवाय सत्कार करण्याची तरतूद नव्हती. पण समिती दयाळू होती. ज्यांच्याकडे संघर्ष नसेल त्यांना तो उपलब्ध करून देण्यात येत होता. अडचण अशी, की चांगले चांगले आधीच वाटले गेले होते. 'अनवाणी शाळेत जाणे' हॉटेलवाल्या अजिनाथने नेले होते. 'समाजाचे टोमणे' ब्युटी पार्लरच्या करिष्माला मिळाले. 'लहानपणीच पित्याचे छत्र हरपणे' हे फ्लेक्सवाल्या प्रविणच्या नावावर चढले, तेव्हा त्याचे वडील दुकानाच्या गल्ल्यावर बसून सुपारी कातरत होते. ते म्हणाले, द्या लिहून, कधीतरी हरपायचंच हाय. उत्तरेश्वरच्या वाट्याला 'उघड्यावर झोपून काढलेले दिवस' आले. त्याने हरकत घेतली नाही. लग्नाच्या आदल्या रात्री खुर्च्या राखायला तो मांडवातच झोपत असे. फक्त त्याला आजवर कुणी संघर्ष म्हटले नव्हते.

त्यानंतर सरांनी पिशवीतून दुसरा ठराव काढला. सत्काराला मांडव लागणार होता, आणि गावात मांडव एकच होता.

भाड्याचा विषय उत्तरेश्वरने काढण्याआधीच सरांनी मिटवला. सत्कारमूर्तीने स्वतःच्या सत्काराचे भाडे लावावे, हे ऐकायला तरी बरे वाटते का? अजिनाथ चहा देणार होता, प्रविण फ्लेक्स देणार होता, कापडदुकानाच्या वनमालाबाई शाली देणार होत्या. अशा रीतीने सत्काराचा खर्च सत्कारमूर्तींनी उचलला आणि समितीने त्याची नैतिक जबाबदारी उचलली. निमंत्रणपत्रिकेत याला स्वावलंबन म्हटले होते. पत्रिकाही प्रविणनेच छापली होती.

"तारीख कोणती?" उत्तरेश्वरने विचारले.

तारीख ऐकून तो थप्पीवरच टेकला. त्या तारखेला कडूबाईच्या पोरीचे लग्न होते.

कडूबाई माळावरच्या वस्तीवरची. दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्याकडे, उन्हाळा लागला की परत. यंदा परत आल्यावर घराचे कुलूपही न उघडता ती आधी उत्तरेश्वरकडे आली होती. थोरलीच्या लग्नात सतरंज्यांवर भागवले होते, आणि त्या व्याह्याने अजून तोंड मिटले नव्हते. धाकट्या स्वप्नालीचे सासर शिरूर कासारचे. तेही ऊसतोडीचेच, पण मुलाकडचे. मांडव वस्तीतली माणसे डहाळ्यांचा घालणार होती; हव्या होत्या त्या खुर्च्या.

"सहा महिने फडात भुईवरच बसतो आमी," ती म्हणाली होती. "एक दिवस माणसं खुर्चीवर बसू द्या, भाऊ. अन् मी बी बसणार हाय. पोरीचं लगीन लागलं की बसणार, अन् कुणी ऊठ म्हणलं तरी उठणार न्हाई."

उत्तरेश्वरने शब्द दिला होता. सरांना त्याने ते सांगितले. सरांनी तारीख बदलण्याविषयी असमर्थता व्यक्त केली. प्रमुख पाहुण्यांनी तेवढीच एक मोकळी तारीख दिली होती. पण घाबरायचे कारण काय? सत्कार सकाळी दहाला, बाराला आटपणार. लग्न गोरज मुहूर्तावर. मधल्या वेळात दहा मांडव हलतील.

ज्या माणसाने अर्धे आयुष्य सभांना मांडव घातले, त्याने दहाची सभा बाराला आटपेल यावर विश्वास ठेवला. सत्कार अंगात भिनायला लागला की असे होते. बायको सत्यभामा तेवढी म्हणाली, "आपल्याच मांडवात आपणच पाहुणं. मंग मांडव कुणी बघायचा?" तिला प्रेरणेतले काही कळत नसे.

सत्काराच्या दिवशी सगळे सत्कारमूर्ती दुकानांना कुलपे घालून व्यासपीठावर बसले. हॉटेल बंद, सलून बंद, किराणा बंद. त्यामुळे गावाला टेकायला दुसरी जागाच उरली नाही, आणि लोक आपोआप मांडवाच्या आसपास जमले. ऊन असे होते, की फेट्याच्या आत डोके शिजत होते. समितीचे अध्यक्ष अमरसिंहदादा फोन लावत होते आणि दर वेळी जाहीर करत होते, की पाहुणे निघालेले आहेत.

"निघालेत म्हंजी अंघोळीला निघालेत," अजिनाथ शालीतून पुटपुटला.

पाहुणे येईपर्यंत सत्कारमूर्तींनी जीवनप्रवास कथन करावेत, असे ठरले. अजिनाथ अनवाणी शाळेत गेला. त्याची शाळा घरासमोर होती, पण पाहुणे न आल्यामुळे त्याला पुन्हा उठवण्यात आले आणि या खेपेस ती शेजारच्या गावात गेली. तिसऱ्या खेपेस मध्ये नदी आली. चौथ्या खेपेला नदीला पूर आला, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या त्याच्या शाळेच्या गुरुजींनीही डोळे पुसले.

बारा कधीच वाजून गेले होते. उत्तरेश्वरच्या समोर त्याच्याच खुर्च्या होत्या आणि तो त्यांना हात लावू शकत नव्हता. मागच्या रांगा मात्र रिकाम्या होत्या; लोक लिंबाच्या सावलीत उभे होते. तो सरांच्या कानाला लागला. मागं रिकामं दिसतंय, फोटो वंगाळ यील, म्हणाला. सर दचकले. रिकाम्या खुर्चीच्या फोटोला सगळे पुढारी घाबरतात, हे ज्ञान मांडवाच्या धंद्यात पहिल्या वर्षीच मिळते. ताबडतोब परवानगी मिळाली. उत्तरेश्वर फेट्यासकट खाली उतरला, मागे गेला आणि त्याने पहिली खुर्ची उचलली.

तिथे त्याचा अंदाज चुकला. रिकाम्या खुर्चीकडे आपल्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. पण ती कुणी उचलायला लागले, की तिच्यावर आपला हक्क होता हे सगळ्यांना एकदम आठवते. लिंबाखालची माणसे धावली. "ठिव बे खाली, मी बसलेलो हाय तिथं," असे न बसलेला एक जण म्हणाला. बघता बघता सगळ्या रांगा भरल्या. दादांनी माइकवरून उत्तरेश्वरचे अभिनंदन केले. गर्दी खेचावी तर अशी, म्हणाले.

उन्हे कलली तशी कडूबाई आली. हाताला हळद, डोक्यावर पदर, पायात धूळ. ती मांडवाच्या कडेने व्यासपीठापाशी आली. उत्तरेश्वर खाली वाकला. वऱ्हाड पोचले होते. टेम्पोतून उतरून उभे होते. व्याह्याने सतरंजी पायाने बाजूला सारली होती.

"नवरदेव पारावर बसलाय," ती म्हणाली. "खुर्च्या आल्याबिगर मांडवाकडं यायचा न्हाई, म्हणतेत. भाऊ, शब्द दिल्ता तुमी."

"पाहुणे आले की सुटतंय, आक्का."

"कवा येतेत?"

"निघालेत."

कडूबाईने समोरच्या रांगांकडे पाहिले. तिच्या पोरीच्या लग्नाच्या खुर्च्यांवर सगळा गाव बसला होता. कुणी सरकले नाही. ती बांबूला टेकून खाली बसली.

दिवस मावळतीला झुकल्यावर पाहुणे आले. उद्योजकाचा वेळ अनमोल असतो, या विषयावर ते सविस्तर बोलले. मग उत्तरेश्वरचे नाव पुकारले गेले. "दोन मिनिटांत संघर्ष संपवा," सर हळूच म्हणाले.

माइक त्याच्याच मालकीचा होता. पण आजवर त्याने त्यात 'हॅलो, चेक' याशिवाय शब्द उच्चारला नव्हता. सवयीने त्याने तेवढे म्हटले आणि थांबला. उघड्यावर झोपलेले दिवस पाठ होते. ते तोंडातून बाहेर येईनात.

"माळावर कडूबाईच्या पोरीचं लगीन हाय," तो म्हणाला. "वऱ्हाड उभं हाय. ह्या खुर्च्या मी त्यांना कबूल केल्यात. गोरज टळायला आलाय. कुणाला राग येऊ देऊ नका, पण जरा उठता का?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आज पहिल्यांदाच कुणाचा संघर्ष खरा वाटत होता. करिष्माचे काजळ ओघळले. गुरुजींनी पुन्हा डोळे पुसले. पाहुण्यांनी मान डोलावली. उठले मात्र कुणी नाही.

"लई हृद्य झालं," सर म्हणाले. "फक्त उघड्यावर झोपल्याचं राहिलं."

उत्तरेश्वर माइक धरून उभा राहिला. समोर बांबूपाशी कडूबाई बसली होती, आणि ती रडत नव्हती, हेच वाईट होते. तेव्हा त्याला धंद्यातली एक जुनी गोष्ट आठवली. सभेत बसलेला माणूस दोनच कारणांनी उठतो, जेवणासाठी आणि मेलेल्यासाठी. जेवण समितीने ठेवले नव्हते.

"आता आपण सगळे," तो खालच्या आवाजात म्हणाला, "दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहू."

अख्खा मांडव उठला. पाहुणे सगळ्यांच्या आधी. माना खाली गेल्या, डोळे मिटले. कोण गेले, असे एकानेही विचारले नाही. विचारणे म्हणजे आपल्याला ठाऊक नसल्याची कबुली देणे.

उत्तरेश्वरने टेम्पोवाल्याला खूण केली. मागच्या रांगेपासून थप्प्या लागायला लागल्या. सत्यभामा आली, शाल कमरेला गुंडाळून अजिनाथ आला. मोळ्या वाहून मुरलेली कडूबाई थप्पीच्या थप्पी डोक्यावर घेऊन टेम्पोकडे निघाली. तिला पाहून एका म्हाताऱ्याने डोळा किलकिला केला आणि शोकाला शोभेल असा पुन्हा मिटला.

"कोण रे?" मिटल्या डोळ्यांनी दादांनी उत्तरेश्वरला विचारले.

"आपल्यातलंच हाय, दादा."

दादांनी मान आणखी खाली घातली. दोन मिनिटे भरत आली तशी उत्तरेश्वरला काळजी लागली. निम्म्या खुर्च्या अजून बाकी होत्या. पण पाहुण्यांनी लाज राखली. त्यांनी माइक घेतला आणि डोळे न उघडता दिवंगताविषयी दोन शब्द बोलायला घेतले. त्यांचे आणि दिवंगताचे घरचे संबंध होते. मागच्याच आठवड्यात फोन झाला होता. स्वभाव अत्यंत मनमिळाऊ. पाहुणे बोलत असताना खाली बसणे बरे दिसले नसते, आणि ते पुष्कळ वेळ बोलले.

"त्यांच्या जाण्याने जी पोकळी निर्माण झाली आहे," असे म्हणून शेवटी त्यांनी डोळे उघडले. पोकळी समोरच होती. कनातीपासून व्यासपीठापर्यंत, स्वच्छ दिसत होती. गाव तिच्यात मान खाली घालून उभा होता, आणि टेम्पो माळाला लागला होता.

गोरज टळता टळता अक्षता पडल्या. शिरूरकर खुर्च्यांवर बसले. व्याही पाय पसरून बसला आणि सोय चांगली आहे म्हणाला.

दुसऱ्या दिवशी समितीची तातडीची बैठक झाली. सत्कार शोकाकुल वातावरणात पार पडल्याची बातमी पेपरला गेलीच होती, तेव्हा श्रद्धांजली मागे घेता येत नव्हती. प्रविणला भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स सांगण्यात आला. त्यावर शोकाकुल म्हणून दादा, सर आणि समितीचे फोटो आहेत. मधली मोठी चौकट नाव निश्चित होईपर्यंत कोरी ठेवलेली आहे. येणारे-जाणारे तिला नमस्कार करतात.

एवढे सगळे सुरळीत झाले. फक्त खुर्च्या थोड्या कमी भरल्या. काही मंडळींनी श्रद्धांजलीतही एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला होता. त्यांचा शोक मोडावा, हे उत्तरेश्वरच्या हाताखाली खुर्च्या उचलणाऱ्या पोरांना बरे वाटले नाही. त्या खुर्च्या मंडळींबरोबर घरी गेल्या.

माळावर कमी पडल्या त्या नेमक्या शेवटच्या. लग्न लागल्यावर कडूबाई बसायला वळली, तेव्हा तिच्या खुर्चीवर नवरदेवाचा मामा बसला होता. तिने त्याला पाणी दिले आणि मांडवाच्या बांबूपाशी भुईवर बसली. ती आधी काय बोलली होती ते उत्तरेश्वरला आठवत होते, म्हणून तो तिच्याकडे न बघता वायरी गुंडाळत राहिला.

कडूबाईच्या पोराचे लग्न पुढच्या उन्हाळ्यात माळावरच आहे. तेव्हा वडगावच्या लोकांना हसून झाले असेल, तर एवढे करा. आपण बसला आहात ती खुर्ची भिंतीपासून जरा पुढे ओढा आणि तिच्या पाठीवर काही लाल अक्षरे आहेत का, ते बघा. असली तर उत्तरेश्वरकडे पाठवून द्या. बाकीच्यांच्या राहिल्या तरी चालतील. त्याला एकच पाहिजे.