हवा आहे आत

प्रिय अन्वय आणि मीरा,

अन्वयला शिकाऊ लायसन्स मिळाल्याचं परवा फोनवर कळलं. गाडी किती वेगाने पळते हे त्याने मला दोनदा सांगितलं. थांबते कशी, ते एकदाही नाही. म्हणून आज नेन्यांविषयी लिहायला बसले.

नव्वदच्या दशकात आम्ही नेरूळला राहायला आलो, तेव्हा नेने आमच्या खालच्या मजल्यावर होते. आडनाव नेने, पण दाराशी गाडी असून कोणाला कुठे नेतील तर शपथ. त्यांच्या वडिलांची ती फिक्या हिरव्या रंगाची, पाठीला बाक आलेली गाडी सदैव जॅकवर असे आणि नेने तिच्याखाली. पाहुण्यांना आधी त्यांचे पाय भेटत.

जगात त्यांना रस एकाच गोष्टीत होता, थांबण्यात. गवई चांगला गायला म्हटलं तर ते विचारत, "समेवर थांबला कसा, ते बघितलंत?" सोसायटीचे चेअरमन सभेत बोलायचे थांबेनात, तेव्हा मागून यांचा आवाज आला, "ब्रेकचे ड्रम झिजलेत."

त्यांचं मुख्य वाक्य मात्र वेगळं होतं. ब्रेकच्या तेलात हवा शिरली की पेडल स्पंजासारखं मऊ दबतं आणि गाडी काही थांबत नाही. 'उद्या नक्की येतो' म्हणणारा प्लंबर गेला की नेने म्हणत, "गोड बोलतो. हवा आहे आत." तुमचे आजोबा दर रविवारी माळा आवरणार असत. त्यांनाही हेच ऐकावं लागलं.

हे वेड कुठून आलं, ते मला त्यांच्या बायकोने, कुमुदने सांगितलं. बेलापूरला पारसिक टेकडीच्या उतारावर एकदा पुढच्या चाकाजवळची ब्रेकची रबरी नळी फुटली. जुन्या गाडीत चारही चाकांना एकाच पंपाचं तेल. एक नळी फुटली आणि चारही चाकं मोकळी. नेन्यांनी गाडी खडीच्या ढिगात घातली म्हणून दोघं वाचली. कुमुद खाली उतरली, साडी नीट केली, "मी रिक्षाने येते" म्हणाली आणि पुन्हा त्या गाडीत बसली नाही. भांडण नाही, अबोला नाही. एपीएमसी मार्केटला आंबे आणायलासुद्धा रिक्षा. शेजारी नेने, रिक्षावाल्याच्या ब्रेकवर डोळा ठेवून.

मग नेन्यांनी भंगारातल्या एका व्हॅनचा दोन कप्प्यांचा पंप आणला. पुढच्या चाकांचं तेल वेगळं, मागच्यांचं वेगळं. तो जुन्या जागी बसेना, म्हणून पावणे एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये त्याच्यासाठी प्लेट करून घेतली. केसभर चुकली की परत. शेवटी लेथवाला वैतागला, "काका, रॉकेट सोडताय काय?" नेने शांतपणे म्हणाले, "सोडत नाही. थांबवतोय."

तेलातली हवा काढणं एकट्याचं काम नसतं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाजवळचा स्क्रू सैल करायचा. नळीतून तेल बाटलीत येतं, सोबत बुडबुडे. स्क्रू आवळेपर्यंत पाय उचलायचा नाही. पेडलवर मला बसवलं होतं.

"मागचं डावं चाक," नेने गाडीखालून म्हणाले. "सगळ्यांत लांबचं आधी, वहिनी. जवळचं कुठे जातंय?"

मी दाबत राहिले, बुडबुडे येत राहिले. प्रत्येक फेरीला तेच, "हवा आहे आत."

तेवढ्यात कुमुद कणकेच्या हातांनी जिना उतरून आली. आधी तिने बाटलीकडे पाहिलं. "माझी मोरावळ्याची बाटली कुठे गेली, ते आत्ता कळलं." मग मला म्हणाली, "उठा वहिनी, तुमचा पाय हलका आहे."

मी मागच्या सीटवर सरकले. ती ड्रायव्हरच्या जागी बसली.

नेन्यांचे पाय क्षणभर हलायचे थांबले. मग आवाज आला, "दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय. तुम्ही आवळा आधी."

चारही चाकं झाली. शेवटी बाटलीत एक बुडबुडा नव्हता. "हवा गेली," नेने म्हणाले. कुमुद पाय उचलेना. "आणि एक नळी फुटली तर?"

नेन्यांनी मागच्या चाकांच्या नळीचा नट स्वतःच्या हाताने सैल केला, जणू ती फुटलीच. कुमुद पलीकडच्या सीटवर सरकली. मला कोणी उतर म्हटलं नाही, आणि मला उतरवेना.

करावे गावाकडचा रस्ता तेव्हा रिकामाच असे, कडेला कोळ्यांनी वाळत घातलेली जाळी तेवढी. नेन्यांनी वेग घेतला आणि ब्रेक दाबला. पेडल खोल गेलं. गाडी नेहमीपेक्षा बरीच पुढे गेली. आणि थांबली. मागे रस्त्यावर तेलाची बारीक रेघ होती. 

नेन्यांचे तेलकट हात स्टिअरिंगवरच होते. "एक गेली तरी दुसरी धरते," ते समोरच्या काचेला म्हणाले. मग हळूच, "त्या दिवशी माझ्या पायाखाली काहीच नव्हतं गं."

कुमुदने पदराने त्यांच्या हाताचं तेल पुसलं. "एवढंच बोलायचं होतं ना? त्यासाठी अख्खी गाडी खोललीत?" मग म्हणाली, "चला. कणीक वाळेल."

नेने जाऊन बरीच वर्षं झाली. ते गेल्यावर कुमुद गाडी शिकली, गुडघ्यांनी साथ दिली तोवर चालवली. आता फक्त रविवारी खाली उतरते, ड्रायव्हरच्या जागी बसते, पेडल दाबते आणि धरून ठेवते.

गाडी आहे. ब्रेक लागतात.