तेवीस दारांचं भाग्य

"सूयिंग, या वर्षी तुझ्या सासऱ्यांचं 'फू' माझ्या दारावर नको गं बाई," कणकेची खळ ढवळता ढवळता लोऊ मावशी तिच्या कानाशी कुजबुजली. "गेल्या वर्षी पाहुणे विचारत होते, भूकंप होताना लिहिलंत का?"

सूयिंगने दचकून मागे पाहिलं. सासरे, म्हणजे गल्लीचे चिउ गुरुजी, आत घोरत होते. चीनमधल्या शाओशिंगच्या त्या गल्लीत नववर्षाच्या आदल्या दिवशी तेवीस दारांवर लाल कागदावरचं 'फू', म्हणजे भाग्याचं अक्षर, लागायचं, ते त्यांच्याच हातचं. शाळेतली नोकरी संपली, बायको गेली. उरलं होतं हे एवढं एक अक्षर. "अक्षरात डावीकडे देवाचा ओटा, उजवीकडे दारूचा भरलेला घडा," ते दरवर्षी सांगत. "घडा हिंदकळला की भाग्य सांडलं!" दोन वर्षांपासून घडा चांगलाच हिंदकळत होता. गल्ली मात्र म्हणायची, "वा गुरुजी, काय जिवंत अक्षर!"

सूयिंगने त्यांनी लिहून ठेवलेले तेवीस कागद तांदळाच्या पिंपामागे सरकवले. वीस वर्षं त्यांची शाई घोटताना अक्षर तिच्याही हातात उतरलं होतं. तिने धडाधड तेवीस 'फू' लिहिले, मावशीने ते गल्लीभर चिकटवले. खळ वाळली. आता कागद निघाले तर दाराच्या रंगासकट निघणार.

तेवढ्यात गुरुजींची काठी वाजली. "चला, यंदा सगळी दारं स्वतः बघतो."

पहिलंच दार मावशीचं. गुरुजी नाक कागदाला टेकेल इतके वाकले. बदकं विकणाऱ्या शेनचा तराजू हातातच राहिला.

"थेंब सांडला नाही हो घड्यातला!" मावशीला राहवेना.

"तेच म्हणतोय. रेघांचा जोर भलत्याच टोकाला कसा?"

"तुमची नवी ढब असेल, बाबा." सूयिंगने शाईने माखलेला डावा हात पाठीमागे नेला.

"माझी? वीस वर्षं जेवताना जो डावा कोपर मला ढोसतोय, त्याची ढब आहे ही!"

"छे छे, तुमचंच अक्षर," शेन म्हणाला. "डोळे मिटून ओळखीन!"

"मग मीट." गुरुजी सुनेकडे वळले. "उद्यापासून जेवायला माझ्या डावीकडे बस. आणि पिंपामागचे कागद काढ, उंदीर खातील."

सूयिंगने पाठीमागचा हात हळूच पुढे आणला.

"खोटं घोरून घसा सुकला माझा. म्हटलं, आज तरी कुणी तोंडावर बोलेल." त्यांनी काठी उचलली. तिचं टोक हवेत लटलटत राहिलं. "माझा हात कापतो."