एम-एटीला ट्रकचा आरसा

गेनभाऊंच्या एम-एटीला ट्रकचा आरसा होता. अशा जुन्या दुचाकीला शोभेल तसला छोटा गोल आरसा नव्हे. दहाचाकी ट्रकच्या दाराबाहेर असतो तो, शाळेच्या पाटीएवढा. मंचरच्या भंगारवाल्याकडून आणून त्यांनी तो हँडलच्या उजव्या बाजूला लोखंडी पट्टीनं आवळून बसवला होता. त्याच्या वजनानं गाडी उजवीकडं कलायची आणि तिला सावरायला गेनभाऊ डावीकडं कलायचे. समोरून येताना दोघं एकमेकांवर रुसल्यासारखी दिसायची. "भाऊ, दाढी ह्यातच करता का?" असं घोडेगावच्या बाजारात कुणीतरी विचारायचंच. "मागचं दिसतंय," एवढं बोलून गेनभाऊ निघून जायचे.

गेनभाऊ महाळुंगे पडवळचे. वय साठीच्या पुढं, डाव्या पायानं जरा लंगडे, डोक्याला पिवळा फेटा. तो फेटा दर चैत्रात माझ्या दुकानातून जायचा. माझं घोडेगावात कापडाचं दुकान आहे. आजोबा मारवाडातून पाठीवर गाठोडं घेऊन आले, मी इथंच जन्मलो, इथल्याच शाळेत मार खाल्ला. तरी गेनभाऊ खुशीत असले की मला 'शेठ' म्हणायचे आणि रागावले की 'पावणं'. आपण आज इथले की बाहेरचे, हे मला त्यांच्या हाकेवरून कळायचं.

त्यांच्या वेडाचं मूळ बैलगाड्यात होतं. ज्यांनी आमच्याकडची शर्यत पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाड्यावर माणूस नसतो. नुसते बैल चढावर सुसाट सुटतात आणि सेकंदांचा हिशेब होतो. बैलांच्या पुढं एक घोडी धावते, घोडीवर स्वार असतो, आणि बैल त्या घोडीच्या मागं जीव टाकून पळतात. गेनभाऊ पंचवीस वर्षं असे घोडीवर बसले. त्यांचे दोन नियम होते आणि ते त्यांनी मला फेटा मापताना किमान शंभर वेळा ऐकवले असतील. "बैलाला घोडीची शेपूट दिसली पायजे, पण घावली नाय पायजे. आन घोडीवाल्यानं मागं बघायचं नसतं. मागं बघितलं की बैल वळखतो, ह्यो भ्याला."

पुढं पडून पाय मोडला, घोडी विकली. पण गेनभाऊ मनातून घोडीवरून कधी उतरलेच नाहीत. जे काही रेंगाळत असेल त्याच्यापुढं एम-एटी घालून ते निघायचे. लग्नाची वरात असो, उसाची गाडी असो, यांची गाडी पुढं आणि तोंडानं एकच घोष, "आलंच, आलंच, दिसतंय." एकदा माझी स्कूटर चालू होईना. मी किक मारून घामाघूम. तर हे आपली गाडी स्कूटरच्या पुढं दहा पावलांवर लावून उभे राहिले आणि स्कूटरला म्हणाले, "आलंच." स्कूटर चालू झाली. त्याचं श्रेय मी आजही त्यांना द्यायला तयार नाही.

अशा माणसाच्या वाटेत सायकलवाले आले.

दर हिवाळ्यात मुंबईहून साठ-सत्तर जण सायकलवर भीमाशंकरला यायचे. माळशेज चढून मढवरून जुन्नरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी घोडेगाव, डिंभे, मग पोखरीचा घाट. एका धर्मादाय दवाखान्यात डायलिसिसची यंत्रं घ्यायची म्हणून त्यांची ही मोहीम असे. आम्ही दुकानदार घाटाच्या पायथ्याशी लिंबू सरबत, केळी आणि शेंगदाण्याच्या चिक्कीचा मंडप टाकायचो. गेनभाऊंना कुणी बोलावलं नव्हतं. पहिल्याच वर्षी ते खिशात भंडारा भरून हजर झाले.

"ही बघा, ही आली लाल टोपीची जोडी, लई कडक जोडी, भिर्रर्र, झाली झाली झाली." असं शर्यतीतल्या पुकारणाऱ्यासारखं ओरडत त्यांनी मूठभर भंडारा उधळला. लाल टोपीची जोडी म्हणजे मुंबईचे एक डॉक्टर होते आणि त्यांचं तोंड उघडं होतं. त्यांचे डोळे धुवायला आम्हाला सरबताचं निम्मं पाणी लागलं. पण गेनभाऊंच्या मते डॉक्टर त्यानंतरच खरे पळाले. भंडारा संपला की ते सगळ्यात थकलेला गडी हेरायचे, एम-एटी त्याच्यापुढं घालायचे आणि घाट चढायला लागायचे. "आलंच, आलंच." पाच वळणं शिल्लक असली तरी आलंच. शहरातली शिकलेली माणसं त्या धादांत खोट्या बोलण्यामागं माथ्यापर्यंत जायची. मला याचं हसू यायचं आणि थोडा हेवाही वाटायचा.

मोहिमेचा एक नियम कडक होता. सगळ्यात मागून एक टेम्पो यायचा, त्यात शिट्टीवाले साहेब बसायचे. टेम्पो एक वाजता घाटमाथ्यावर पोचायचा म्हणजे पोचायचा. टेम्पोनं ज्याला गाठून मागं टाकलं तो बाद. त्यानं सायकल टेम्पोत टाकायची आणि गुमान बसून यायचं.

त्या आरशाच्या आदल्या वर्षी सुनंदाताई बाद झाल्या. ठाण्याच्या, पोस्टात नोकरी, वय पन्नाशीचं, अंगानं जाड. गेनभाऊंनी त्यांना हेरलं आणि पुढं निघाले. ताई मागून म्हणत होत्या, "काका, जरा थांबा." काका कसले थांबतात. सहाव्या वळणावर ताईंच्या पोटऱ्यांत गोळे आले, त्या सायकलसकट कडेला बसल्या, टेम्पो आला आणि त्यांना घेऊन गेला. इकडं गेनभाऊ आपले "आलंच, दिसतंय" करत माथ्यावर पोचले, फेटा काढून हवेत फिरवला आणि वळून बघतात तर मागं मोकळा रस्ता.

ही गोष्ट बाजाराला वर्षभर पुरली. गेनभाऊ एकटेच शर्यत जिंकले, असं लोक म्हणायचे. मीही म्हणालो. तेव्हा त्यांनी मला महिनाभर 'पावणं' म्हटलं.

त्यानंतरच्या पावसाळ्याच्या तोंडावर त्यांची बायको, सरूबाई, गेली. मी दहाव्याला जाऊन आलो. त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी एम-एटीला तो आरसा आला. मी मनाशी हिशेब जुळवून टाकला की ताईंची फजिती भाऊंच्या फारच मनाला लागली.

हिवाळ्यात सुनंदाताई परत आल्या.

त्या मंडपात पोचल्या तेव्हा बाराला पाच कमी होते आणि बाकीचे सगळे पुढं गेले होते. ओठ पांढरे पडले होते. मी सरबत दिलं. म्हटलं, "ताई, यंदाही टेम्पोत बसलात तर काय बिघडतंय? एवढं अंतर आलात तेच खूप झालं."

त्या पेल्यात बघत म्हणाल्या, "माझा भाऊ तीन वर्षं त्या डायलिसिसच्या यंत्रावर आहे. गेल्या वर्षी मी अर्ध्यातून परत गेले, तर तो काही बोलला नाही. यंदाही तो काही बोलणार नाही. तेच मला नकोय."

गेनभाऊ शेजारीच उभे होते. खिशात भंडारा होता, पण हात खिशाबाहेरच राहिला. ते एवढंच म्हणाले, "ताई, मी म्होरं ऱ्हातो. कायबी वाटलं तर हात वर करा. बोलू नका, दम जातो. नुसता हात."

ताई निघाल्या, एम-एटी पुढं. मंडपातलं सामान आवरून मी टेम्पोत चढलो, कारण रिकामी पिंपं माथ्यावर द्यायची होती. साहेब ड्रायव्हरशेजारी घड्याळ मांडीवर ठेवून बसले होते. तिसऱ्या वळणावर आम्हाला ताईंची पाठ दिसली. चौथ्यावर त्या तीनशे पावलांवर होत्या. पाचव्यावर दीडशे.

मी दुकानदार माणूस, कुणी हरलं-जिंकलं तरी माझा काटा हलत नाही, असा माझा समज होता. पण त्या दिवशी मी टेम्पोच्या फळीला दोन्ही हातांनी धरून होतो आणि मनात ड्रायव्हरला शिव्या घालत होतो. सायकल रस्त्यावर या कडेपासून त्या कडेला नागमोडी चालली होती. पुढं एम-एटी माणसाच्या चालीनं फटफटत होती. मला एक गोष्ट चमत्कारिक वाटली. घोषणा नव्हती. आलंच नाही, दिसतंय नाही. गेनभाऊंचा पिवळा फेटा सारखा उजवीकडं वळत होता, आरशाकडं.

सहावं वळण आलं. गेल्या वर्षीचं. ताईंचा डावा पाय पायडलवरून घसरला, परत चढला, परत घसरला. टेम्पो साठ पावलांवर. साहेबांनी शिट्टी ओठांत धरली. ताईंनी हात वर केला.

मला वाटलं, आता हा माणूस ओरडणार, आता भंडारा उडणार आणि ही बाई इथंच कोसळणार. पण एम-एटी थांबली. गेनभाऊ उतरले, लंगडत गाडी ढकलत मागं आले, ताईंना ओलांडून टेम्पोच्या समोर आले आणि त्यांनी ती गाडी भर रस्त्यात आडवी स्टँडला लावली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. आरसा टेम्पोच्या काचेपासून हातभर अंतरावर होता.

"काका, गाडी बाजूला घ्या," साहेब खाली उतरून म्हणाले. "नियम आहे. टेम्पोनं गाठलं की संपलं."

"म्होरं गेला तर ना," गेनभाऊ म्हणाले. "गेलाय का? न्हाई. मग दोन मिन्टं."

"अहो, एक वाजता वर पोचायचंय."

"सायेब, दोन मिन्टं. मग माझ्या अंगावरनं घाला टेंपो."

हँडलला अडकवलेल्या पिशवीतून त्यांनी फिरकीच्या झाकणाचा तांब्या काढला. त्याला ओलं फडकं गुंडाळलेलं होतं. म्हणजे सकाळीच घरून भरून आणला होता. ताई रस्त्यावर मांडी घालून बसल्या होत्या. गेनभाऊंनी फिरकी उघडून तांब्या त्यांच्या हातात दिला आणि स्वतः शेजारी उकिडवे बसले. "सावकाश प्या. घाई न्हाई," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून 'घाई न्हाई' मी पहिल्यांदाच ऐकलं.

साहेब घड्याळ बघत होते. मी साहेबांकडं बघत होतो. दोन मिनिटं म्हणजे किती मोठा वेळ असतो हे मला त्या वळणावर कळलं. ताई पाणी प्यायल्या, थोडं मानेवर ओतलं, पोटऱ्या चोळल्या आणि उठल्या. गेनभाऊंनी सायकलचं सीट धरून त्यांना चढवलं, मग आपली गाडी सरळ केली, ताईंच्या पुढं नेली आणि हळू चालवू लागले.

साहेब टेम्पोत चढले. घड्याळ खिशात घातलं. मग ड्रायव्हरला म्हणाले, "पहिल्याच गिअरमध्ये राहू दे. इंजिन तापलंय."

इंजिन तापलेलं नव्हतं. मला ड्रायव्हरला मिठी मारावीशी वाटली, साहेबांना मारणं शक्य नव्हतं म्हणून.

सातवं वळण. आठवं. एकला चार मिनिटं कमी असताना ताईंची सायकल माथ्यावरच्या कमानीखालून गेली आणि मागोमाग आमचा टेम्पो. माथ्यावर थांबलेले सगळे टाळ्या वाजवत धावले. ताई रडत होत्या आणि कुणाच्या तरी गळ्यात पडून हसतही होत्या. मी गेनभाऊंना शोधलं. आता तरी 'झाली' ऐकू येईल अशी माझी अपेक्षा होती. ते गर्दीपासून लांब, करवंदीच्या जाळीपाशी गाडी लावून फेट्याच्या शेवानं आरसा पुसत होते.

"भाऊ, आरसा कामाला आला की," मी म्हणालो. "ताईंसाठी बसवला तो सार्थकी लागला."

"ताईसाठी न्हाई बसवला, शेठ."

ते पुसतच होते.

"सरूला मंचरला घेऊन चाललो व्हतो, दवाखान्यात. मागं बसली व्हती. मागनं म्हनली, वाईच थांबा, पानी पिते. मी म्हनलं, आलंच, आलंच. आनखी म्हनली. तीनदा म्हनली. मला वाटलं, हाक देत ऱ्हायलं की मानूस पोचतंय. पोचली बी. दोन दिस व्हती तिथं. डाक्टर म्हनलं, बाबा, तुमी थांबला असता तरी काय फरक पडत नव्हता."

"मग तुम्ही कशाला मनाला लावून घेता?"

"फरक पडत नव्हता, तर थांबायला काय झालं व्हतं मला," गेनभाऊ म्हणाले.

इतके महिने मी त्या आरशावर किती विनोद केले होते ते एकेक आठवत गेले आणि मला माझीच लाज वाटली.

टेम्पो भीमाशंकरकडं गेला. मला मंडपावर परत जायचं होतं. गेनभाऊ म्हणाले, "बसा शेठ, सोडतो." आयुष्यात पहिल्यांदा मी त्या एम-एटीवर मागं बसलो. गाडी उताराला लागली आणि मी आरशाकडं पाहिलं. एवढा मोठा आरसा, पण रस्ता त्यात फक्त एका कडेला दिसत होता. बाकी सगळ्या आरशात मीच होतो, माझं तोंड, माझी टोपी. मागच्या सीटवरच्या माणसाचा चेहरा दिसावा असा तो वळवून आवळलेला होता.

आरशातून गेनभाऊंची नजर माझ्याकडं आली. "शेठ, तांब्यात पानी हाय थोडं. थांबू का?"

मला तहान नव्हती. "हो, थांबा जरा," मी म्हणालो.

त्यांनी लगेच गाडी कडेला घेतली.