तानूमावशीचा करवंदपाक

एका जंगलात, जिथला वाघ राजा असूनही कायम दौऱ्यावरच असायचा, तिथं एकदा सगळ्यांना एकदम सर्दी झाली.

नाकातली बोटं काढा पोरांनो. गोष्ट नाकाचीच आहे, पण तेवढी जवळून बघायची गरज नाही.

तर झालं असं, की भर वैशाखात गारा पडल्या. प्राण्यांनी तोंडं वर करून गारा खाल्ल्या, गारांत लोळले, एकमेकांच्या कानात गारा घातल्या. दुसऱ्या दिवशी अख्खं जंगल शिंकत होतं.

जंगलात एक डॉक्टर होते. बगळे डॉक्टर. एका पायावर उभे राहून पेशंट तपासायचे.

"कोमट पाणी प्या," ते म्हणाले. "पडून राहा. सात दिवसांत जाईल."

"आणि औषध?"

"लागत नाही."

आता ह्याला काय डॉक्टर म्हणायचं? जो डॉक्टर काहीच देत नाही, त्याला काहीच येत नसणार. सगळे उठले आणि तानूमावशीकडं गेले.

तानूमावशी ही साळू. साळू म्हणजे ते, अंगभर लांब लांब काटे असतात ते. मावशी करवंदाचा पाक करायची. घरगुती. नैसर्गिक. तिच्या आजीच्या आजीपासून चालत आलेला.

कृती सोपी होती. काळीभोर पिकलेली करवंदं घ्यायची. धुऊन चेचायची. सुगरणीच्या जुन्या खोप्यातून रस गाळायचा. त्यात आलं, चार मिरे आणि अस्वलाकडचा मध घालून तीन दगडांच्या चुलीवर एकतारी होईपर्यंत आटवायचा. वाळलेल्या भोपळ्यात भरून ठेवायचा. रोज सकाळी दोन पळ्या, सात दिवस.

"सात दिवसांत सर्दी जाते म्हणजे जातेच," मावशी सांगायची.

बगळे डॉक्टरही सात दिवसच म्हणाले होते, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. तुमच्या आलं का? नाही ना. मग हसू नका.

पाकाची एक अट होती. करवंदं ज्याला सर्दी झालीय त्यानंच तोडायची. सकाळी, उपाशीपोटी, एकेकट्यानं जाळीत शिरून.

"झाड आजारी हात ओळखतं," मावशी म्हणायची. "मग फळात तसं तसं औषध उतरवतं."

मावशीची कंबर धरली होती आणि तिला वाकता येत नव्हतं, हेही एक कारण होतं. पण ते आजीच्या आजीनं सांगितलेलं नव्हतं, म्हणून ती सांगायची नाही.

सगळ्यात गोड करवंदं टेकडीवरच्या मोठ्या जाळीत लागायची. त्या जाळीच्या पोटात बिबट्या राहायचा. एरवी त्याचा वास लांबूनच यायचा आणि कुणी तिकडं फिरकायचं नाही. पण आता नाकं चोंदलेली. वास कुणाला येणार?

मावशीला बिबट्या माहीत होता. तरुणपणी त्यानं एकदा तिच्यावर पंजा टाकला होता. मग महिनाभर पंजा चाटत बसला होता. तेव्हापासून मावशी दिसली की तो मान लववायचा.

"फार सभ्य आहे," मावशी म्हणायची. "मी जन्मभर तिथं जातेय. मला कधी काही झालं?"

मागच्या वर्षीही सर्दीची साथ आली होती. तेव्हा चाळीस जण जाळीत गेले. एकवीस जण परत आले आणि त्यांनी पाक घेतला. एकवीसच्या एकवीस ठणठणीत. पोपटांनी गावभर ओरडून सांगितलं, "शंभर टक्के गुण. केमिकल नाही. साइड इफेक्ट नाही. पुढं अकरा जणांना सांगा." पोपटांना अकरापर्यंत मोजता येत नसल्यामुळं ते सांगतच राहिले.

उरलेल्या एकोणीस जणांची तक्रार आली नाही.

त्या एकोणिसांत खंडू भेकर होता. भेकर म्हणजे छोटं हरीण. घाबरलं की कुत्र्यासारखं भुंकतं. खंडूची बायको राहीआक्का आणि मुलगी टिकली, दोघी वर्षभर त्याची वाट बघत होत्या.

"अगं, त्याला इतका गुण आला की तो धावतच सुटला," मावशी राहीआक्काला समजवायची. "दोन डोंगर ओलांडून गेला असेल. असा गुण यायला नशीब लागतं."

"निरोप तरी द्यायचा," राहीआक्का म्हणायची. तिला जास्त राग ह्याचाच होता.

ह्या वर्षी गारा पडल्या तेव्हा राहीआक्का कपारीत होती. टिकली बाहेर नाचत होती. म्हणून आईचं नाक कोरडं राहिलं आणि पोरीचं वाहायला लागलं.

राहीआक्कानं तिला कोमट पाणी दिलं आणि पाचोळ्यात झोपवलं. लगेच शेजारी आले. आजारी माणसाला झोपू देतील तर ते शेजारी कसले?

"पाक नाही दिलास अजून?" भानू ससा म्हणाला. भानू म्हणजे मागच्या वर्षीच्या एकवीस जणांतला. ते तो रोज सांगायचा.

"पडून राहिली की बरी होईल, भाऊजी."

"आक्का, पोरीच्या जिवाशी खेळू नकोस. मी स्वतः घेतलाय. माझ्यापुढं रांगेत एक मोर होता. तो आत गेला. मी आपली बाहेरचीच चार तोडली आणि आलो. सातव्या दिवशी बघ, नाक असं वाजायला लागलं."

"आणि मोर?"

"त्याचं मला काय माहीत? मी माझा अनुभव सांगतोय."

टिकलीनं पाचोळ्यातून डोकं वर काढलं. "आई, सगळी मुलं जाऊन आली. मीच राहिले."

"सगळी आली का परत?"

"बरीच आली."

राहीआक्काला ते 'बरीच' आवडलं नाही. पण चार शेजारी दारात उभे राहून च्च् च्च् करायला लागले की भल्याभल्यांचं चालत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोरीला घेऊन टेकडीवर गेली.

रांग मोठी होती. सगळे शिंकत होते. मावशी पुढं उभी राहून एकेकाला आत सोडत होती. टिकलीचा नंबर आला.

"मी पण येते तिच्यासोबत," राहीआक्का म्हणाली.

"तुला सर्दी आहे का?"

"नाही."

"मग नाही चालत. निरोगी हात लागला की पाक नासतो."

"हात नाही लावत. नुसती फांदी वर धरते. पोरीच्या डोळ्यात काटा जायचा."

मावशीनं तोंड वाकडं केलं, पण सोडलं. राहीआक्कानं पहिली फांदी वर उचलली. टिकली खाली वाकून आत शिरायला लागली.

आणि राहीआक्काच्या नाकात वास शिरला.

एक वास बिबट्याचा होता. तो तिला ओळखू आला. दुसरा वास जुना होता, मातीत मुरलेला. तिनं खाली पाहिलं. पाचोळ्यात एक शिंग पडलं होतं, टोकाशी जरासं आत वळलेलं. अशाच वळणाचं शिंग चार वर्षं रोज संध्याकाळी तिची पाठ खाजवत होतं.

तिनं टिकलीची शेपटी दातात धरून तिला मागं ओढलं. आणि ती भुंकली. असं भुंकली, की टेकडीखालच्या तळ्यात बगळे डॉक्टरांनी दुसरा पाय टेकला.

जाळी हलली. दोन पिवळे डोळे दिसले. रांगेतले सगळे जिकडं वाट मिळेल तिकडं पळाले. चोंदलेल्या नाकानं इतकं जोरात पळता येतं हे त्यांनाही तेव्हाच कळलं.

त्या दिवशी कुणीच मेलं नाही. म्हणून सगळे राहीआक्कावर भयंकर चिडले.

का, विचारा की. त्यांचा नंबर गेला ना.

आठ दिवसांनी वडाखाली सभा भरली. तोपर्यंत सगळ्यांची सर्दी गेली होती. टिकलीचीही. पण सभा ठरलेली होती, ती कशी रद्द करणार? जाळीचे मालक म्हणून बिबट्याला अध्यक्ष केलं होतं. त्याला जरा उंच दगड दिला आणि सगळे त्याच्यापासून लांब बसले. भीतीनं नाही हो. आदरानं.

राहीआक्कानं शिंग मधोमध ठेवलं.

"हे माझ्या नवऱ्याचं आहे," ती म्हणाली. "तो डोंगर ओलांडून गेलेला नाही. तो जाळीतच राहिलाय."

सगळे शिंगाकडं बघत राहिले. मग मावशी उठली.

"अगं वेडे, हरणांची शिंगं गळतात. अंगातलं जुनं, वाईट सगळं गळून पडतं. त्यालाच तर डिटॉक्स म्हणतात."

"डिटॉक्स, डिटॉक्स," पोपट ओरडले. शब्द नवा होता, पण त्यांना लगेच जमला.

"आणि बाकीचे अठरा?"

"तुला प्रत्येक गोष्टीत वाईटच दिसतं गं. नवरा गेल्यापासून असं झालंय तुझं."

बायका माना हलवायला लागल्या. भानू ससा म्हणाला, "अध्यक्षांनाच विचारूया."

बिबट्यानं मिशा साफ केल्या. "मी फार बोलत नाही," तो म्हणाला. "पण घरगुती आणि नैसर्गिक गोष्टींना माझा कायम पाठिंबा आहे. मी स्वतः बाहेरचं खात नाही. जे घरी येईल तेच."

टाळ्या पडल्या. ज्यांना पंजे होते त्यांनी वाजवल्या, बाकीच्यांनी पाय आपटले.

"माझी टिकली पाकाशिवाय बरी झाली," राहीआक्का म्हणाली. "त्या दिवशी रांगेतून पळालात ते तुम्हीही झालात. तुमच्या पोटात एक थेंब गेला नव्हता."

अडचण होती खरी.

"तुझ्या पोरीला सर्दी नसणारच," भानू म्हणाला. "उगाच नाक गाळत असेल."

"आणि तुम्हाला?"

"आम्ही रांगेत उभे होतो. नुसत्या वाऱ्यानं गुण आला. विचार कर, खाल्ला असता तर काय झालं असतं."

तुम्हाला ह्यावर उत्तर सुचतंय का? सुचलं तर कागदावर लिहून ठेवा, पुढं मोठेपणी रोज लागेल.

सभेत ठराव झाला. ह्यापुढं मोकळ्या नाकानं कुणी जाळीजवळ यायचं नाही. राहीआक्कानं आणि टिकलीनं ओढ्यापलीकडं राहायचं. त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. बोललंच तर पाकाबद्दल बोलायचं नाही.

दोघी ओढ्यापलीकडं गेल्या. तिथं गवत बरं होतं. टिकली वाढली. संध्याकाळी आईची पाठ ती खाजवायची. तिला शिंगं नव्हती, म्हणून डोक्यानं खाजवायची.

पुढच्या वैशाखात पुन्हा वळीव झाला आणि जंगल पुन्हा शिंकायला लागलं. टेकडीवर पुन्हा रांग लागली.

अशातच एके दुपारी, सगळे झोपलेले बघून, कुणीतरी ओढा ओलांडून आलं. पाण्यात काटे खळखळ वाजत होते. तानूमावशी होती. तिच्या पोटाशी तिचा नातू होता. एवढासा. त्याच्या नाकातून दोन धारा लागल्या होत्या.

"ह्याला ठेवून घेतेस का आठ दिवस?" मावशी म्हणाली. तिनं वर बघितलं नाही.

"का? जाळीत पाठव ना."

"राही, ह्याचे काटे अजून मऊ आहेत गं."

राहीआक्का बघतच राहिली. म्हणजे म्हातारीला सगळं ठाऊक होतं.

"मावशी, मग तुझा पाक?"

"तो लोकांसाठी आहे."

"जाऊन सांग की त्यांना. आत्ता जाऊन सांग. रांग लागलीय तिथं."

मावशी खाली बसली. तिचे काटे सगळे आडवे पडले होते. असे पडलेले काटे टिकलीनं कधी बघितले नव्हते.

"आता कसं सांगू?" मावशी म्हणाली. "आता सांगितलं तर मागच्या सगळ्यांचं काय सांगू? त्यांना मीच एकेक करून आत सोडलंय. तुझ्या खंडूला तर मी, 'जरा आतली तोड, आतली गोड असतात,' म्हटलं होतं."

राहीआक्कानं नातवाला मानेनं स्वतःकडं ओढून घेतलं आणि पाचोळ्यात झोपवलं. मावशी आली तशी गेली.

"आई, का ठेवलंस त्याला?" टिकलीनं विचारलं.

"त्याला सर्दी झालीय म्हणून."

सात दिवस त्यानं कोमट पाणी प्यायलं आणि झोपा काढल्या. आठव्या दिवशी मावशी येऊन त्याला घेऊन गेली. जाताना वाटेत तिनं दोन करवंदं त्याच्या ओठांवर चोळली, काळाजांभळा रंग दिसेल अशी.

मग टेकडीवर जाऊन तिनं त्याला रांगेसमोर उंच धरला.

"बघा," ती म्हणाली. "माझा सख्खा नातू. घरच्या पोराला दिल्याशिवाय मी कुणाला देत नाही."

सगळ्यांनी त्याचे ओठ बघितले. कोरडं नाक बघितलं. पोपट पुन्हा सांगतच राहिले. रांग दुप्पट झाली.

जाळीत बिबट्यानं जागेवरच कूस बदलली.

तात्पर्य: औषध कसं आहे हे बरे होऊन आलेल्यांनाच विचारावं, बाकीचे उगाच गोंधळ घालायला येत नाहीत. स्वतःच्या नातवाला मात्र आधी दुसरीकडं दाखवून आणावं. आणि तुमचं नाक मोकळं असेल तर चारचौघांत तसं बोलू नये. बोलायचंच असेल तर ओढ्यापलीकडं गवत बरं आहे का, ते अगोदर बघून ठेवावं.