फोटो उतरवायचा आहे

“सूनबाई, ह्यांचं तोंड उतरू देऊ नकोस!” शेवटच्या आजारात, जाता जाता सासूबाई एवढंच सांगून गेल्या. ‘नाही देणार’ असा शब्द ती देऊन बसली, आणि तेव्हापासून रोज जपाला बसताना देवालाही तीच आठवण करून देत होती.

सोपं का होतं ते! मामंजी निवृत्त भाषाशिक्षक. त्यांच्यासमोर कुणी ‘फोटो काढला’ म्हणालं की संपलंच! “काढतात तो दात! काढतात तो भिंतीतला खिळा! फोटो कॅमेऱ्यानं उतरवतात!” या एका शब्दापायी त्यांनी पिढ्यान्पिढ्या बाकावर उभ्या केल्या होत्या.

म्हणून मामंजींच्या जुन्या शाळेतून मुख्याध्यापिकेचा फोन आला, “सरांचा फोटो उतरवायचाय. उद्या सकाळी कुणी आलात तर बरं,” तेव्हा तिनं निरोप जसाच्या तसा सांगितला. मामंजी खुर्चीतून ताडकन उठले.

“उतरवायचाय म्हणाली? माझीच विद्यार्थिनी! शिकली बघ अखेर!”

मग काय! कोट निघाला. न्हावी घरी आला. धाकट्या दिराला चेव चढला. “बाबा, वजन उतरलंय तुमचं. कोट एकटाच निघालाय असं वाटतंय!”

“वाटू दे! फोटोत कोटच दिसतो!”

गाडीत मामंजींचा तास सुरू झाला. “उतरणे! लोक म्हणतात, खाली येणे. अगं, मुळात ‘उत्’ आहे त्यात. उत् म्हणजे वर! पाण्यातून वर निघून काठाला लागणं, ते उतरणं. लोकांनीच त्या शब्दाला खाली ओढलं!”

“हो का, मामंजी!” म्हणत तिनं त्यांच्या कानामागचा वाळलेला साबण पदरानं पुसला.

जिना चढून दोघं शाळेच्या सभागृहात शिरली. समोर शिडी! शिडीवर शिपाई! आणि शिपायाच्या हातात मामंजी! चौकटीतले, जळमटांसकट.

“अय्या, सर, तुम्ही कशाला त्रास घेतलात?” मुख्याध्यापिका लगबगीनं आल्या. “सूनबाईंनी नेला असता की! शाळेला पंखे देणाऱ्या साहेबांचा लावायचाय इथं. खिळा एकच आहे हो!”

मामंजी कोटाची गुंडी लावू लागले. ती लावलेलीच होती.

“भिंतीवरून फोटो... काढतात, बाई.”

“तेच ते, सर! काढला काय नि उतरवला काय!”

शिपायानं फडक्यानं काच पुसली. “गाडीपर्यंत सोडू?”

“कुणाला? ह्याला की मला?” मामंजींनी विचारलं. कुणीच हसलं नाही.

जिन्यात दोन पायऱ्या पुढे उतरत ती म्हणाली, “सावकाश उतरा, मामंजी.”

“उतरतोय गं. काठ कुठाय तेवढं सांग.”

तिनं वर पाहिलं. मामंजींचं तोंड पार उतरलं होतं. आता घरी दीर दारातच विचारणार, ‘कसा आला फोटो?’

रस्त्यावर येताच ती गाडीच्या उलट दिशेला वळली.

“अगं, गाडी इकडे!”

“हो. पण कोट अंगावर आहेच. कोपऱ्यावर स्टुडिओ आहे, फोटो उतरवून घेऊ.”

“काढून घेऊ म्हण,” मामंजी पुटपुटले. “मला आता काहीही चालतं.”

चौकट काखेत धरून, काच आतल्या बाजूला करून, ती त्यांच्या पावलांच्या बेतानं चालू लागली.