एकशे बारा खलाशी

घड्याळजींच्या व्हॅक्यूम क्लीनरने भर दुपारी एका युद्धनौकेवरचे एकशे बारा खलाशी गिळले, तेव्हा नळी सासूबाईंच्या हातात होती.

नौका हातभर लांब. तोफा टाचणीएवढ्या, दोर केसाएवढे आणि खलाशी तांदळाच्या दाण्याएवढे. आठ महिने भिंगाखाली मान मोडून घड्याळजींनी एकेक खलाशी रंगवला होता. डेकवर मांडून झाले होते, फक्त चिकटवायचे राहिले होते. तेवढ्यात फोन वाजला आणि ते आत गेले. चार वाजता परीक्षक येणार होते. नौका पसंत पडली तर प्रतिकृतींच्या प्रदर्शनातलं मधलं कपाट मिळणार होतं, आणि त्या कपाटासाठी घड्याळजी सहा वर्षं झुरत होते.

"तुमच्या खेळण्यावर धूळ होती हो, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "माणसं येणार, म्हणून जरा हात मारला."

"आई, ती धूळ नव्हती. माणसंच होती."

घड्याळजींनी घाईघाईने क्लीनरची पिशवी उघडली. धूळ नाकात गेली आणि ते शिंकले. अकरा जण सोफ्याखाली गेले. बायको दिवा लावायला धावली आणि गडबडीत तिने पंखा लावला. बाकीचे घरभर झाले.

घड्याळजी डोक्याला हात लावून बसले. सासूबाईंनी मात्र त्यांचं भिंग डोळ्याला लावलं, चिमटा घेतला आणि जमिनीवर गुडघे टेकले.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "याला मिशा आहेत."

"सगळ्यांचे चेहरे वेगळे आहेत, आई."

"हा हसतोय. आणि हा बघा, नुकताच घर सोडून आलेला दिसतो." त्यांनी भिंग काढलं. "हे तुम्ही केलंत?"

बावीस वर्षांत सासूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं नव्हतं.

मग दीड तास त्या म्हातारीने गादीची शिवण, चपलेचा तळ, पायपुसण्याचा धागान् धागा विंचरून काढला. सापडलेला प्रत्येक जण आपल्या गोळ्यांच्या डबीत, कापसावर निजवला. एकशे बारा भरले, तेव्हा थक्क व्हायची पाळी घड्याळजींची होती.

"आणा, पटकन चिकटवतो."

"थांबा. हे जहाज खरंच होतं ना? त्याचं पुढं काय झालं?"

"बुडालं. पहिल्याच लढाईत." खोटं बोलणं घड्याळजींना कधी जमलंच नव्हतं.

"आणि ही माणसं?"

घड्याळजींनी नौकेची डोलकाठी उगाचच सरळ केली. सासूबाईंनी डबीचं झाकण लावलं.

"मग नाही देणार. एकेकाला वाचवलंय मी. परत तिथंच पाठवायला?"

तेवढ्यात बेल वाजली. परीक्षक आत आले, नौका पाहून जागच्या जागी थांबले आणि त्यांनी नकळत आवाज खाली आणला. "काय काम आहे हो! पण खलाशी कुठायत? खलाशांशिवाय नौका अपुरी धरतात. मधलं कपाट नाही देता यायचं."

घड्याळजींनी सासूबाईंकडे पाहिलं. डबी त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

"राहू द्या कपाट," घड्याळजी म्हणाले. "ते सगळे घरी पोचलेत."