तानूआक्काच्या स्कूटरचे टायर

एका जंगलात एक स्कूटर होती. हसू नका मुलांनो, होती म्हणजे होती. गोष्ट मी सांगतोय. ज्यांना स्कूटर पटत नसेल त्यांनी खुशाल बाहेर जाऊन लगोरी खेळावी.

ही स्कूटर तानूआक्काची. तानूआक्का म्हणजे उदमांजर, आणि जंगलाची सुईण. कुणाला कळा सुरू झाल्या की माकडं झाडावरून हाका मारत. मग आक्का पिशवी काखोटीला मारून किक मारी आणि निघे. अर्ध्या जंगलाची नाळ तिनेच कापलेली.

पण स्कूटरचे टायर झिजून झिजून पार गोटा झाले होते. गेल्या महिन्यात चिखलात घसरल्यामुळे आक्का भेकरीणबाईंकडे उशिरा पोचली. तोवर पाडस चालत दारात आलं होतं आणि त्यानेच तिला "कोण हवंय?" असं विचारलं.

वाघोबा सरकारांच्या कानावर हे गेलं. वाघीणबाईंचे दिवस भरत आलेले. सरकारांनी बजावलं, "आमच्याकडे उशीर झाला, तर सुईणीची जागा तरसबाईंना."

तरसबाईंकडे प्रमाणपत्र होतं. फक्त त्यांच्या हाती दिलेलं बाळ परत मिळेल याची खात्री नव्हती. जंगलातल्या सगळ्या पोटुशी बोटांवर दिवस मोजायला लागल्या. आक्काला तर दोन दिवस अन्न गेलं नाही.

ती ओढ्याकाठी हणमंता मिस्त्रीकडे गेली. हणमंता खेकडा होता. दोन नांग्या घालून तो रिमवरून टायर असा उतरवी, की बघत राहावं.

"हणमंता, टायर कुठले घालू रे?"

"जुन्या टायरच्या कडेला आकडे हायेत, आक्का. त्याच मापाचे घाला. दर पंधरवड्याला हवा बघा, गाडी फिरवायच्या आधी, टायर गार असताना. पुढं जरा कमी, मागं जरा जास्त. नक्षी झिजून आतल्या खुणेला टेकली की बदला."

"आणि?"

"आणि काय? झालं."

आक्का हिरमुसली. एवढा मोठा प्रश्न आणि एवढंसं उत्तर? शिवाय त्या जंगलाची एक रीत होती. पारावर चार जणांना विचारल्याशिवाय तिथे कुणी काही करत नसे. पाठ खाजली तरी आधी पारावर जायचं आणि मग खाजवायचं. ती रीत मोडायची आक्काची छाती होईना.

म्हणून ती वडाच्या पारावर गेली.

"खेकडा काय सांगणार? आडवा चालणारा प्राणी तो!" गजाभाऊ हत्ती म्हणाले. "टायर कसा रुंद हवा. माझा पाय बघ. घसरलोय कधी?"

"इश्श! रुंद कसला?" चंचलाताई हरिणीने मान वेळावली. "टायर कसा नाजूक हवा. माझा खूर बघ की. वाऱ्यासारखी जाशील."

बुंध्याला वेटोळं घालून नानासाहेब अजगर पडले होते. त्यांनी नुकतंच रानडुक्कर गिळलं होतं. "हवा... टम्म भरायची," ते जांभई देत म्हणाले. "टम्म असलं की बरं वाटतं. आणि वरून करंजाचं तेल चोळायचं. घर्षण कशाला? मी बघ, कसा सरसर जातो."

तिघंही वजनदार. कुणाला नाही म्हणणार? आक्काने तिघांचंही ऐकलं.

गजाभाऊंनी रानाबाहेर मोडून पडलेल्या ट्रॅक्टरचा टायर सोंडेत आणला. तो मागच्या रिमवर बसेना. मग गजाभाऊ त्यावर बसले, तेव्हा तोही बसला. चंचलाताईंनी कुठूनशी सायकल पैदा केली आणि तिचा टायर पुढे आला. नानासाहेबांच्या देखरेखीखाली हवा भरली. टायर कण्हायला लागला तरी नानासाहेब म्हणत होते, "अजून थोडी." शेवटी सगळ्यांनी मिळून तेल चोळलं. टायर असे चमकत होते, की आक्काला त्यात आपल्या मिश्या दिसल्या.

स्कूटरचं बूड आभाळाकडे आणि तोंड मातीत. पण पारावर टाळ्या पडल्या.

तोच माकडं ओरडली, "वाघीणबाईंना कळा! पळा, आक्का, पळा!"

आक्काने किक मारली. वाघाची गुहा टेकडीच्या पायथ्याशी, आणि पार टेकडीवर. पुढचं काही आक्काने केलं नाही, ते आपोआप झालं. स्कूटर उतारावरून सुटली. आक्का सीटवरून घसरून हँडलवर आली, हँडलवरून दिव्यावर आली. ससे बिळात, मोर झाडावर, आणि एक म्हातारं अस्वल जागच्या जागी नमस्कार करून उभं.

आक्काने ब्रेक दाबला. चाकं थांबली. स्कूटर थांबली नाही.

"अगं आई गं! हणमंता रे!" आक्काने हंबरडा फोडला. त्या क्षणी तिला मेलेली आई आठवली आणि जिवंत खेकडा आठवला.

गुहेपाशी मागचा टायर फुटला. धडाम्! आक्का पिशवीसकट उडाली, करवंदीच्या जाळीवरून गेली, प्रमाणपत्र घेऊन दारात उभ्या असलेल्या तरसबाईंच्या डोक्यावरून गेली आणि थेट वाघीणबाईंच्या पुढ्यात पडली. त्या आवाजाने वाघीणबाई अशा दचकल्या, की दोन बछडे एकदम बाहेर. तिसरा आक्काने वरच्यावर झेलला. तरसबाई ज्या पळाल्या, त्या शेजारच्या जंगलात जाऊनच थांबल्या.

सरकार खूश! संध्याकाळी पारावर सत्कार ठरला. शाल, नारळ, सगळं. फक्त आक्काचा नाही, पारावरच्या तिघांचाही.

"धमाका माझ्या टायरचा होता," गजाभाऊ म्हणाले.

"वेग माझा," चंचलाताई म्हणाल्या.

"तेल नसतं तर ती ब्रेक लागून वाटेतच थांबली असती," नानासाहेब म्हणाले. "मग उशीर झाला नसता का?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. तिघांचं मिळून टायर सल्लागार मंडळ नेमलं गेलं.

मग आक्काला दोन शब्द बोलायला उभं केलं. तिचं शेपूट सुजलं होतं, एक कान फाटला होता. आज आपण मरतच होतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. गर्दीच्या कडेला हणमंता उभा होता. खरं ते सांगून टाकावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात गजाभाऊंनी प्रेमाने तिच्या खांद्यावर सोंड ठेवली. सोंड जड होती.

"हे सगळं... थोरामोठ्यांच्या मार्गदर्शनामुळे," आक्का म्हणाली.

हणमंताने टाळ्या वाजवल्या. आक्काला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी ती मागच्या वाटेने स्कूटर ढकलत ओढ्याकाठी गेली. हणमंताने फुटका टायर नांगीने उतरवून बाजूला टाकला. आकडे बघून त्याने दोन्ही टायर बसवले आणि बेताची हवा भरली.

"हणमंता," आक्का खाली बघत म्हणाली, "हे टायर मंडळाने सुचवले, असं सांगू का रे चारचौघांत? नाहीतर ते पुन्हा बदलायला लावतील."

"सांगा की," हणमंता नांग्या पुसत म्हणाला. "नाव कुणाचं बी घ्या, आक्का. हवा तेवढी माझ्याकडनं भरा."

त्यानंतर आक्का कुठेच उशिरा पोचली नाही. मंडळाची कीर्ती सात जंगलांत पसरली.

तात्पर्य : जो टायर फुटतो त्याचा सत्कार होतो. जो फुटत नाही, तो कुणी बसवला हे कुणी विचारतही नाही. म्हणून बाळांनो, मोठेपणी मिस्त्री होऊ नका. पारावर जागा धरा.